कीड नाही, तरी दात पडतो कसा?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या तोंडात एकही किडलेला दात नव्हता. दाढ दुखते म्हणून त्यांनी कधी गोळी घेतल्याचे मला आठवत नाही. तरी साठीच्या आतच त्यांचे दात एकेक करून हलायला लागले आणि पुढे तर हातानेच निघाले. आता मी बेचाळीस वर्षांची आहे. माझेही दात पांढरे आहेत, एकही किडलेला नाही. पण ब्रश करताना थुंकीत रक्त दिसते. ज्या बाजूने रक्त येते तिकडे मी ब्रश फिरवणे बंद केले आहे आणि मीठ-हळद चोळते. दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून घ्यायला सांगितले. शेजारच्या काकू म्हणतात, यंत्राने एकदा दात साफ केले की ते कायमचे खिळखिळे होतात. कोणाचे ऐकू? आणि न किडलेला दात पडतो तरी कसा?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की बाकीच्या गाठी आपोआप सैल होतील.

दात हिरडीत रोवलेला असतो असे आपल्याला वाटते, कारण आरशात तसे दिसते. प्रत्यक्षात हिरडी हे नुसते वरचे आवरण आहे. दात उभा असतो तो जबड्याच्या हाडातल्या खळग्यात. तिथेही तो हाडाला चिकटलेला नसतो; मुळाच्या चहूबाजूंनी निघालेले बारीक, चिवट तंतू त्याला हाडाशी बांधून ठेवतात. कडक काही चावताना दात किंचित दबतो आणि पुन्हा जागेवर येतो, ते या तंतूंमुळेच.

कीड हा दाताचा रोग आहे. तोंडातले काही जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताला खड्डा पाडते. हिरड्यांचा रोग वेगळा. त्याचा रोख दातावर नसून दाताच्या आधारावर असतो : आधी हिरडी, मग तंतू, शेवटी हाड. नदीकाठची माती पुराने खरवडून नेली की झाड आडवे होते, खोड मात्र शाबूत असते. वडिलांचे दात असेच पडले असावेत. त्यातला एखादा हातात घेऊन पाहिला असता तर तो शेंड्यापासून मुळापर्यंत धड दिसला असता, फार तर मुळाला काळसर किटण चिकटलेले. तेव्हा ‘दात किडलेले नाहीत, म्हणजे तोंड निरोगी’ हा हिशेब इथेच चुकतो. हे दोन रोग एकमेकांना विचारून येत नाहीत. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतात, किंवा एक होऊन दुसरा होतच नाही.

आता हिरडीला हे दुखणे जडते कशामुळे, ते पाहू. दात कितीही स्वच्छ घासले तरी काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यांवर बसतो, आणि त्या पापुद्र्यावर जिवाणू येऊन चिकटतात. दिवसभरात त्यांचा मऊ, बुळबुळीत थर होतो. सकाळी उठल्यावर जिभेला दात खरखरीत, चिकट लागतात तो हाच थर. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी स्वतः बनवलेल्या भिंगाखाली आपल्या दातांमधला हा पांढरा मळ पाहिला, आणि त्यात वळवळणाऱ्या जिवांचे वर्णन १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. त्याच पत्रात त्यांनी हेही लिहिले होते की आपण रोज सकाळी दातांना मीठ चोळतो. मीठ चोळूनही जिवाणू तिथेच होते, हे तुमच्या मीठ-हळदीच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण जिवाणू असणे वेगळे आणि त्यांनीच हिरडी सुजते असे सिद्ध होणे वेगळे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हिरड्या बिघडण्याचा दोष कधी वयावर, कधी अन्नातल्या कमतरतेवर, तर कधी प्रकृतीवर टाकला जाई. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या बारा जणांना त्यांनी दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, म्हणजे दात घासण्याचे महत्त्व सर्वांत जास्त जाणणारी मंडळी! दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा नीट घासायला लावले, तेव्हा साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, गोळी नाही.

हे एवढे सविस्तर सांगण्याचे कारण, तोच प्रयोग तुम्ही तोंडाच्या एका बाजूला चालवला आहे. फक्त त्याचा दुसरा भाग राहिला आहे.

रक्त येते कसे, ते समजले की ब्रशवरचा राग जाईल. जिवाणूंचा थर हिरडीच्या काठाशी साचला की शरीर तिकडे जादा रक्त पाठवते. सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, हिरडी लाल आणि मऊ होते, तिच्या आतल्या बाजूची त्वचा झिजून पातळ होते. अशा हिरडीला मऊ ब्रश नुसता लागला तरी रक्त दिसते. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. तेव्हा रक्त काढतो तो साचलेला थर; ब्रश फक्त ते दाखवतो. ब्रश थांबवला की थर वाढतो, सूज वाढते, आणि पुढच्या वेळी रक्त आणखी येते. माणूस घाबरून आणखी जपतो. हे चक्र तोडायचे तर त्याच जागी, हलक्या हाताने पण नेमाने ब्रश फिरवायला हवा. पहिले काही दिवस रक्त येईल. दुखणे वरवरचे असेल तर एक-दोन आठवड्यांत ते कमी होऊन थांबेल. थांबले नाही, तर समजायचे की ब्रश पोचत नाही अशा जागी काहीतरी आहे.

ते ‘काहीतरी’ बहुधा किटण असते. मऊ थर वेळेवर निघाला नाही तर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरते आणि काही दिवसांत तो कडक व्हायला लागतो. खालच्या पटाशीच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू आरशात पाहा. बहुतेकांना पहिले किटण तिथेच दिसते, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे अगदी त्या दातांमागे उघडतात. दुसरी जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू. तिथे गालातल्या ग्रंथीची नळी उघडते. किटण ब्रशने निघत नाही, कितीही जोर लावा. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर भराभर बसतो, आणि हळूहळू हे सारे हिरडीच्या काठाखाली सरकते.

हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल असते. डॉक्टर खुणा केलेली बोथट सळई दातांच्या कडेने फिरवून आकडे सांगतात, ते याच खाचेचे माप. तंतू तुटू लागले की खाच खोल होऊन तिची कपार बनते. चार मिलिमीटरच्या पुढचा आकडा आला की डॉक्टर सावध होतात. कपारीच्या तळाशी हवा पोचत नाही, आणि तिथे हवेवाचून जगणारे, अधिक उपद्रवी जिवाणू फोफावतात.

पुढचा भाग ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. जिवाणू हाड खातात असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर हाड विरघळवतात त्या आपल्याच शरीरातल्या पेशी. जिवाणूंशी चाललेली झटापट महिनोन्‌महिने संपत नाही, सूज कायमची होते, आणि त्या सुजेतून मिळणाऱ्या संदेशांमुळे हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात. हाड संसर्गापासून मागे हटते आणि दाताचा आधार जातो. हे सगळे इतक्या संथपणे चालते की ठणका असा लागतच नाही. गळू झाले तरच दुखते. वडिलांनी कधी गोळी घेतली नाही, यात म्हणूनच नवल नाही. नुसत्या हिरडीच्या सुजेपर्यंत रोग पूर्ण उलटवता येतो. हाड झिजले की ते आपणहून भरून येत नाही, पण झीज तिथे थांबवता येते. जुनी माणसे ज्याला पायोरिया म्हणत, तो हाच पुढचा टप्पा.

‘मग मलाही तसेच होणार का?’ हे तुम्ही लिहिलेले नाही, पण पत्रात वाचता येते. श्रीलंकेतल्या चहामळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुषांच्या हिरड्या १९७० पासून पंधरा वर्षे तपासल्या गेल्या. दात घासण्याची सवय नाही, दंतवैद्य नाही, सगळ्यांच्या दातांवर भरपूर किटण. तरी साधारण ८ टक्के लोकांचे दात झपाट्याने आधार गमावत गेले, ८१ टक्क्यांचा रोग मध्यम गतीने वाढला, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. म्हणजे मळ सारखा असला तरी प्रत्येकाचे शरीर त्याला सारखे उत्तर देत नाही, आणि या उत्तरात आनुवंशिकतेचा वाटा असतो. वडिलांचा इतिहास तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा. पण वारशाने येतो तो कल. मळ रोजच्या रोज निघत असेल तर नुसत्या कलाने दात पडत नाहीत. आणि ‘साठी आली की दात जायचेच’ हेही खरे नाही. वयस्कर लोकांचे दात जास्त पडलेले दिसतात, कारण रोगाला वर्षे जास्त मिळालेली असतात.

वडिलांना तंबाखूची सवय होती का, हे तुम्ही कळवलेले नाही. असेल तर कोड्याचा उरलेला तुकडा तिथे सापडेल. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांमधले रक्ताभिसरण मंदावते, त्यामुळे आत रोग असूनही बाहेर सूज आणि रक्त कमी दिसते. माणूस समजतो, आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत. विडी सोडल्यावर काही जणांना प्रथमच रक्त दिसते आणि सोडणेच बाधले असे ते म्हणतात. ते खरे तर हिरडी ताळ्यावर येत असल्याचे लक्षण. चघळायची तंबाखू जिथे धरून ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. मशेरीबद्दल तर आपल्याकडे फारच गोड समज आहे : तव्यावर काळी होईपर्यंत भाजली की ती तंबाखू उरत नाही, दंतमंजन होते! भाजल्याने तिच्यातले निकोटिन जात नाही, म्हणून तर ती सकाळी एकदा लावून भागत नाही, दुपारीही लागते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. घरच्या तव्यावर मात्र कोण बंदी घालणार? हिरड्यांपेक्षा मोठा धोका अर्थात तोंडाच्या कर्करोगाचा आहे.

आता काकूंकडे वळू. त्यांनी जे पाहिले ते खोटे नाही, लावलेले कारण चुकले. किटण पुष्कळ साचले की ते शेजारशेजारच्या दातांना जोडून धरते. हाड गेलेले असते, पण दात एकमेकांच्या आधाराने उभे असतात. किटण काढले की मूळची हालचाल दिसते, आणि दोष यंत्रावर येतो. फटींचेही तेच : सुजलेली हिरडी आणि किटण मिळून जी जागा भरून होती, ती सूज उतरल्यावर मोकळी होते. तिसरी तक्रार असते गार पाण्याने झिणझिण्या येण्याची. किटणाखाली झाकलेले मूळ उघडे पडल्याने त्या येतात आणि बहुधा काही दिवसांत कमी होतात. यंत्राचे टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावून किटण सुटे करते, सोबतच्या पाण्याने ते वाहून जाते. नीट हाताळलेल्या यंत्राने दाताचे कवच झिजत नाही. कपारी खोल असतील तर हिरडी बधिर करून मुळांची सफाई करावी लागते आणि काही आठवड्यांनी पुन्हा माप घेतात. त्यानंतरही न भरलेल्या कपारीसाठी क्वचित शस्त्रक्रिया लागते. दर किती दिवसांनी सफाई करायची हे तोंड पाहून ठरते. ज्यांचे हाड झिजले आहे त्यांना तीन-चार महिन्यांनी बोलावतात, इतरांना उशिरा. तेव्हा डॉक्टरांचे ऐका, आणि काकूंनाही सोबत न्या. त्यांचेही दात एकदा पाहून होतील.

कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला हरकत नाही. दुखऱ्या हिरडीला बरे वाटते. पण मीठ-हळद, तुरटी किंवा दुकानातला गम पेंट साचलेला थर काढत नाही. जाडे मीठ, राखुंडी, कोळशाची पूड रोज बोटाने रगडली तर मुळे मात्र झिजतात. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्कर्व्हीत गुणकारी, हे खरे. पण रोज लिंबू, आवळा, पालेभाजी खाणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येते ते बहुधा त्या कमतरतेने नव्हे. प्रतिजैविकांच्या गोळ्याही एकट्या पुरत नाहीत, कारण जिवाणू आपल्याच चिकट थरात दडून बसलेले असतात. क्लोरहेक्सिडिनच्या चुळा थोडे दिवस उपयोगी पडतात, पण जास्त वापरल्या तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते.

घासण्याची पद्धत सांगतो. मऊ केसांचा ब्रश घ्या. केसांची टोके दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरकी, हिरडीच्या दिशेने टेकवा आणि जागच्या जागी बारीक हलवा. मग पुढच्या दोन दातांवर जा. दाढांची जिभेकडची बाजू बहुतेक जण विसरतात. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीतली लांबलचक नक्षी पेस्ट खपवण्यासाठी असते. दोन वेळांपैकी एक वेळ चुकणारच असेल तर ती रात्रीची नसावी, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जिवाणूंना मोकळे रान मिळते. दोन दातांच्या मधे ब्रशचे केस शिरत नाहीत, आणि हिरड्यांचा रोग बहुधा तिथूनच सुरू होतो. तिथे दातांचा दोरा वापरावा. फट मोठी असेल तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो, तो अधिक चांगला. सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी ही साधने मराठी घरांतून अजून निवृत्त झालेली नाहीत, त्यांना निवृत्त करा. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्यांनी ती सोडायलाच हवी असे नाही. फक्त ती समोरच्या दातांपुरतीच फिरते, मागे आतून पोचत नाही, हे ध्यानात असू द्या.

आणखी एक. बेचाळिसाव्या वर्षी रक्त दिसते आहे, तर एकदा रक्तातली साखर तपासा. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्यांचा रोग वेगाने वाढतो, आणि हिरड्यांत कायमची सूज असेल तर साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. दोन्हीकडून उपचार केल्यास दोन्हीकडे फरक पडतो. मात्र रक्त दरवेळी मळामुळेच येते असे नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते जास्त येते. तापात हिरड्यांतून रक्त येऊ लागले तर पावसाळ्याच्या दिवसांत डेंग्यूची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कारण नसताना अचानक खूप रक्त येणे आणि अंगावर काळेनिळे डाग उठणे, यांतही दातांच्या डॉक्टरांच्या आधी रक्ताची तपासणी हवी.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. तिच्या हिरड्या सुजून रक्त येते. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, म्हणून असे होते का? दातांचे काम बाळंतपणानंतरच करावे ना?

उत्तर : बाळ दातांतले कॅल्शियम घेत नाही, ते आईच्या आहारातून आणि कमी पडले तर हाडांतून घेतले जाते. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्याशा मळालाही जोरात सुजतात, एवढेच. चौथा ते सहावा महिना दातांच्या कामाला सोयीचा असतो. सफाई आताच करून घ्या. डॉक्टरांना महिना आणि चालू असलेल्या गोळ्या सांगा म्हणजे झाले.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून माझ्या हिरड्या वाढून दातांवर येऊ लागल्या आहेत. गोळीचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. अम्लोडिपिन आणि निफेडिपिन या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात. फिट्सवरच्या फेनिटोइननेही तसे होते. दातांवर मळ असेल तर वाढ जास्त होते, म्हणून आधी सफाई करून घ्या. गोळीचे नाव दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि वाढलेल्या हिरड्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना. ते दुसरी गोळी देऊ शकतात. तोवर गोळी आपल्या मनाने बंद करू नका.